स्पीड कॅमेऱ्याचं चलान: पुराव्याला आव्हान द्यायचं तर नेमकं काय मागायचं?

पायवाट (मूळ प्रश्न)

आधी चलानाचे तपशील देतो, मग प्रश्न.

राष्ट्रीय महामार्ग, चौपदरी, मध्ये दुभाजक. ९ ऑगस्ट २०२५, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं. गाडी मारुती स्विफ्ट, आरसी वडिलांच्या नावावर. नोंदलेला वेग ११२, मर्यादा ९०, मोटार वाहन कायद्याचं कलम ११२/१८३ (वेगमर्यादेचा भंग), दंड २,००० रुपये. वडिलांच्या मोबाइलवर मेसेज आला २७ ऑगस्टला, म्हणजे अठराव्या दिवशी. पोर्टलवर फोटो एकच आहे. तो समोरून घेतलेला, नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते, गाडी डाव्या लेनमध्ये आणि उजव्या लेनमध्ये मागून पुढे येणारी एक एसयूव्ही अर्धी दिसते. फोटोखालच्या काळ्या पट्टीत वेळ, वेग, मर्यादा, अक्षांश-रेखांश, 'अंतर २८६ मी.' आणि एक आठ अंकी क्रमांक. प्रमाणपत्र वगैरे काहीही जोडलेलं नाही. त्या पट्ट्यात ९० चा फलक आहे की नाही याचीच शंका आहे.

विचारायचं ते असं. पंधरा दिवस उलटून आलेलं चलान आपोआप रद्द होतं का? शेजारच्या एसयूव्हीचा वेग आपल्या नावावर पडू शकतो का? कॅमेरा तिरका असला तर वेग जास्त दिसतो असं ऐकलं आहे, त्यात तथ्य किती? आणि तक्रार कुठे, कशी, कुणाच्या नावाने करायची?

दप्तर

दंड भरायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. एकदा पैसे भरले की कलम २०० खाली तडजोड झाली असं धरतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. नंतर पुरावा कितीही लंगडा निघाला तरी मागे जाता येत नाही.

चलानावरचा फोटो हा पुराव्याचा एक तुकडा आहे. अख्खा पुरावा म्हणजे पाच दुव्यांची साखळी: यंत्र बरोबर मोजतं याचा कागद, त्याने मोजली ती हीच गाडी याची खूण, तिथली मर्यादा कायदेशीर ठरवलेली आहे याचा आधार, ही इलेक्ट्रॉनिक नोंद अस्सल आहे याचं प्रमाणपत्र, आणि गाडी कोण चालवत होतं याची माहिती. तुमच्या प्रकरणात कच्चा दुवा कोणता ते आधी शोधा आणि तक्रारीत त्यावरच जोर द्या. पाचही ठिकाणी मोघम आरोप करणारी तक्रार दोन ओळींच्या उत्तरात निकालात निघते.

आता नियम. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आलं आणि त्याखाली ११ ऑगस्ट २०२१ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला गेला. स्पीड कॅमेरा, स्पीडगन, सीसीटीव्ही, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा, अंगावर किंवा डॅशबोर्डवर लावायचा कॅमेरा, हे सगळं त्यात येतं. यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र लागतं. यंत्र अचूक आहे आणि नीट चालतं असं त्यात म्हटलेलं असतं आणि ते दर वर्षी नवं करून घ्यावं लागतं. यंत्र लावलेल्या पट्ट्याच्या आधी, लोकांना ठळक दिसेल असा इशाऱ्याचा फलक हवा.

चलानासोबत काय हवं तेही तिथेच सांगितलं आहे: गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने घेतलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, कोणत्या कलमाचा भंग झाला त्याची नोटीस, आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब(४) खालचं प्रमाणपत्र. हा शेवटचा कागद बहुतेक चलानांत दिसत नाही, आणि तुमच्याही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यामुळे ६५-ब च्या जागी कलम ६३ वाचायचं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. 'अ' भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत त्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा, लिहायचं असतं.

हे प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात ते बंधनकारक ठरवलं. जालना मतदारसंघातला, २०१४ च्या विधानसभेचा तो वाद होता. उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, पण नक्कल दाखल करायची तर ते हवंच, असा त्याचा गाभा. पोर्टलवरचा जेपीजी ही नक्कलच.

पंधरा दिवसांचं म्हणाल तर चलान आपोआप रद्द होत नाही. नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवली जावी असं नियम सांगतो, आणि 'पाठवली' व 'मिळाली' यांत फरक आहे. वडिलांचा 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल हाच आहे ना, ते आधी बघा. जुना बंद नंबर तिथे असेल तर चौदाव्या दिवशी पाठवलेला मेसेज तुम्हाला मिळालाच नाही असं होऊ शकतं, आणि मुद्दा तुमच्यावरच उलटतो. नंबर बरोबर असेल तर २७ तारखेच्या मेसेजचा, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हा मुद्दा तक्रारीत घ्या, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

तरंग

मी फक्त यंत्राच्या बाजूचं लिहितो, कारण कोनाबद्दल चालू असलेला गैरसमज तक्रारदारांचंच नुकसान करतो.

पहिलं काम म्हणजे यंत्र रडार आहे की लेझर ते ओळखणं. तुमच्या पट्टीत 'अंतर २८६ मी.' आहे. अंतर लिहिणारं यंत्र बहुतेक वेळा लेझर असतं, कारण ते अंतर मोजूनच वेग काढतं. प्रकाशाचे ठोके गाडीवर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, एका सेकंदाच्या काही भागात असं शेकडो वेळा करायचं, आणि अंतर ज्या गतीने घटतं तो वेग. साधं डॉप्लर रडार परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला बदल मोजतं, त्याला अंतर कळायची गरज नसते.

आता एसयूव्ही. लेझरचा झोत साधारण ३ मिलिरेडियनने पसरतो, म्हणजे २८६ मीटरवर त्याची रुंदी सुमारे ८६ सेंटीमीटर. स्विफ्टची रुंदी १७३ सेंटीमीटर. नेम नंबरप्लेटवर असेल तर झोत गाडीच्या आतच राहतो आणि शेजारच्या लेनपर्यंत पोचत नाही. त्यामुळे फोटोवर लक्ष्याची फुली, म्हणजे नेम कुठे धरला ते दाखवणारी खूण, आहे का आणि ती कुठे पडली आहे, हे मोठं करून बघा. फुली बंपरवर असेल तर एसयूव्हीचा मुद्दा सोडून द्या. फुली दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असेल किंवा फोटोत ती नसेलच, तर तो तुमचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. हेच ६०० मीटरवर असतं तर झोत १.८ मीटर झाला असता, कारपेक्षा रुंद, आणि मग मागच्या गाडीचा प्रश्न आपोआप उभा राहिला असता.

रडार असेल तर गोष्ट उलट. १२ अंशांचा झोत १०० मीटरवर २१ मीटर पसरतो. दोन लेन मिळून ७ मीटर. म्हणजे त्या दिशेने येणारं सगळं झोतात असतं, आणि यंत्र बहुधा सगळ्यात जोरदार परतावा देणारी किंवा सगळ्यात वेगवान गाडी धरतं. मोठ्या एसयूव्हीचं उभं, सपाट तोंड छोट्या कारपेक्षा जास्त परतावा देतं. अशा फोटोत दुसरी गाडी दिसत असेल तर वेग कुणाचा हे फक्त फोटो बघून सांगता येत नाही. (शेजारी ट्रक असता तर हा मुद्दा लंगडा पडला असता. मालवाहू गाड्यांना वेगनियंत्रक ८० ला बांधलेला असतो, तो ट्रक ११२ ने आला हे कुणाला पटवणार?)

आता कोन. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिरकं मोजलं तर स्थिर रडार किंवा लेझर वेग कमी दाखवतं. खऱ्या वेगाला कोनाच्या कोसाइनने गुणलं की यंत्रावरचा आकडा मिळतो, आणि कोसाइन कधी एकाच्या वर जात नाही. समजा यंत्र लेनपासून ८ मीटर बाजूला आणि गाडी ५० मीटरवर. कोन ९ अंशांच्या आसपास, कोसाइन ०.९८७. यंत्र ११२ म्हणत असेल तर खरा वेग ११३.४. हा युक्तिवाद न्यायालयात केलात तर समोरचा सरकारी वकील तुमचे आभार मानील.

एकच अपवाद. खांबावर पक्क्या बसवलेल्या काही रडारमध्ये कोन मुद्दाम ठेवलेला असतो, समजा २२ अंश, आणि सॉफ्टवेअर त्याची भरपाई करून आकडा १.०७८५ पट वाढवून दाखवतं. खांबाला धक्का बसून कोन १७ अंश झाला तर १०० च्या वेगाला १०३ दिसेल. तरीही याची कमाल ठरलेली आहे. रडार अगदी रस्त्याच्या रेषेत वळलं तरी ९० चे जास्तीत जास्त ९७ होतात. ११२ होऊ शकत नाहीत. तुमच्या २२ किलोमीटरच्या फरकाला कोन पुरत नाही.

लेझरला एक खरा दोष आहे, तो म्हणजे झोत गाडीवरून घसरणं. हात हलला आणि मोजणी चालू असताना झोत काचेवरून बॉनेटवर, बॉनेटवरून बंपरवर सरकला, तर गाडी पुढे आली त्यापेक्षा जास्त अंतर घटल्यासारखं दिसतं. ०.३ सेकंदात अर्धा मीटर घसरला तर ताशी ६ किलोमीटर वाढतात. ९० चे ११२ व्हायला त्याच ०.३ सेकंदात १.८ मीटरहून जास्त, तेही एकसारख्या गतीने घसरायला हवं. यंत्र असमान घट दिसली की चूक दाखवून मोजणी टाकून देतं, म्हणून इतका मोठा फरक असा येणं अवघड. ९४, ९६ अशा आकड्यांना मात्र हा मुद्दा जरूर लागू पडतो.

यंत्राच्या सहनशीलतेचंही तसंच. रडारसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, म्हणजे वैधमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ओआयएमएल आर ९१ मध्ये, रस्त्यावरच्या चाचणीत १०० पर्यंत ±३ किलोमीटर आणि त्यावर ±३ टक्के चालतात. ११२ चे ३ टक्के म्हणजे ३.४. उरतात १०८ च्या वरच.

थोडक्यात, तुमचं प्रकरण 'यंत्र थोडं चुकलं' असं कधीच होणार नाही. एकतर आकडा दुसऱ्या गाडीचा आहे, किंवा मर्यादा ९० नव्हती, किंवा कागद अपुरे आहेत. चौथी शक्यता म्हणजे आकडा बरोबर आहे. ती घरी बसून आधी प्रामाणिकपणे तपासा.

पायवाट

तरंग, आभार. फोटो मोठा करून पाहिला. फुली कुठेच नाही. पट्टीत अंतर आहे, पण यंत्राचं नाव नाही. गाडीच्या स्पीडोमीटरवर साधारण ९५ असल्याचं आठवतं, त्याचा काही उपयोग?

तरंग

पुरावा म्हणून जवळजवळ शून्य. तरी तुमच्या मनातल्या हिशेबाला उपयोगी आहे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तरी खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढंच, असं मानक आहे. म्हणजे काट्यावर ९५ असेल तर खरा वेग ९५ किंवा त्याहून कमी, ८३ च्या खाली मात्र नाही. आठवण पक्की असेल तर दुसऱ्या गाडीचा मुद्दा लावून धरा.

फुली नसणं मोठी गोष्ट आहे. मूळ नोंद मागा. बऱ्याच यंत्रांत फोटोसोबत काही सेकंदांची चित्रफीत किंवा एकामागून एक दोन फोटो साठतात, पोर्टलवर मात्र एकच चढतो. दोन फोटो मिळाले आणि त्यांच्यातलं वेळेचं अंतर माहीत असलं तर वेग कागदावर काढता येतो. अर्ध्या सेकंदात ११२ ने गाडी १५.६ मीटर जाते, ९० ने १२.५. तीन मीटरचा फरक, म्हणजे स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या २४५ सेंटीमीटरपेक्षाही जास्त. डोळ्यांना दिसतो. सेकंदाला २५ चौकटींची चित्रफीत असेल तर एका चौकटीत अनुक्रमे १.२४ आणि १ मीटर, म्हणून एकदोन चौकटींवर भरवसा न ठेवता पूर्ण सेकंदभर मोजा.

मोजायला रस्त्यावरचे तुटक पांढरे पट्टे घ्या, पण पट्ट्याची लांबी पुस्तकातून घेऊ नका. त्याच जागी, वाहतुकीपासून दूर, कडेच्या पट्टीवर उभं राहून दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. रंगकाम करताना पट्टे अर्धा-पाऊण मीटर इकडेतिकडे होतात. आणि दूरवरून, भिंगाने जवळ आणलेल्या फोटोत समोरून येणाऱ्या गाडीचं अंतर दबलेलं दिसतं. चाक जिथे रस्त्याला टेकतं तोच बिंदू धरा, बंपर किंवा छप्पर धरलं की उत्तर चुकतं.

खिंड

एवढा खटाटोप कशाला? २,००० भरा आणि मोकळे व्हा. वकील एका तारखेचे त्याहून जास्त घेईल.

दप्तर

पैशांचा हिशेब बरोबर आहे, पण तो पहिल्या चलानापुरता. कलम १८३ खाली हलक्या गाडीला १,००० ते २,००० आणि मध्यम-अवजड गाडीला २,००० ते ४,००० दंड आहे. दुसऱ्या वेळेपासून मात्र कलम २०६(४) प्रमाणे लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या टॅक्सीवाल्याने किंवा टेम्पोवाल्याने चुकीचं पहिलं चलान मुकाट्याने भरलं तर पुढचं बरोबर चलान त्याच्या पोटावर येतं. शिवाय पहिली तक्रार पोर्टलवर फुकट होते, तिला वकील लागत नाही. खरोखर वेगात असाल तर भरा, त्यात वादच नाही. वेग नव्हता असं ठाम वाटत असेल तर निदान फुकटची पायरी चढा.

मैलाचा दगड

मर्यादेच्या दुव्याकडे कुणी वळलं नाही, आणि माझ्या मते पायवाट यांचं खरं प्रकरण तिथेच आहे.

कलम ११२(२) नीट वाचा. एखाद्या रस्त्यावर राज्य सरकारला वेगळी मर्यादा घालायची असेल तर दोन गोष्टी लागतात: राजपत्रात अधिसूचना, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी फलक. दोन्ही हव्यात. राजपत्रापासून सूट फक्त एक महिन्यापेक्षा जास्त न चालणाऱ्या तात्पुरत्या बंधनाला, म्हणजे पुलाचं काम, वळणरस्ता अशा वेळी. फलक नुसता उभा आहे पण अधिसूचना नाही, किंवा अधिसूचना आहे पण फलक पडलेला, झाडीत झाकलेला, होर्डिंगच्या मागे गेलेला, या दोन्ही स्थितींत मर्यादेवर प्रश्न उभा राहतो.

तुम्ही काय करायचं? त्या रस्त्याने पुन्हा जा, बाजूच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि मागचा फाटा जिथे मिळतो तिथपासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत न थांबता चित्रीकरण करा. तारीख-वेळ आणि जीपीएस चित्रात उमटेल असं ॲप वापरा. फाट्यापासूनच सुरुवात करा, कारण तुम्ही जिथून महामार्गावर चढलात त्यानंतर एकही फलक नव्हता हे दाखवायचं आहे. टोल नाक्याजवळच्या फलकाचा फोटो समोरचा माणूस दाखवणारच. कॅमेऱ्याच्या इशाऱ्याचा फलक आणि मर्यादेचा फलक हे दोन वेगळे, दोन्हींची नोंद करा. हे चार-सहा दिवसांत करा. तक्रार पोचली की काही ठिकाणी नवा फलक लागतो, आणि मग जुनी स्थिती दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

एकाच रस्त्यावर मर्यादा बदलते हेही ध्यानात ठेवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला १०० आणि बोरघाटात ६०. घाटातल्या चलानावर १०० छापलेलं असेल किंवा उलट, तर चलानाची तिथेच चूक झाली. अक्षांश-रेखांश नकाशात टाकून ठिकाण पडताळणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत.

दप्तर

मैलाचा दगड यांच्याशी सहमत. इथे कलम १८३(३) पण जोडतो, कारण त्याचा चुकीचा अर्थ फिरत असतो. एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होणार नाही, पण तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला असेल तर होऊ शकते, असं ते कलम म्हणतं. 'एकच पोलीस साक्षीला होता' हा बचाव स्पीडगनच्या प्रकरणात टिकत नाही. यंत्राचे कागद मागायचे ते त्यामुळेच. यंत्र गळालं की उरतो तो एकट्याचा अंदाज, आणि मग हेच कलम तुमच्या बाजूने उभं राहतं.

यंत्र रडार निघालं तर आणखी एक कागद मागा. १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैधमापन विभागाची, म्हणजे आपल्या बोलीत वजनमापेवाल्यांची, पडताळणी आणि मुद्रांकन आवश्यक झालं आहे. दुकानातल्या काट्याला शिक्का लागतो तसाच हा. तुमचं चलान ९ ऑगस्टचं, म्हणजे त्यानंतरचं. हे नियम रडारसाठीचे आहेत, लेझर गन निघाली तर हा मुद्दा मांडू नका, १६७-अ च्या वार्षिक प्रमाणपत्रावर राहा.

सातबारा

तक्रारीची वाट सांगतो.

महाराष्ट्र वाहतूक ई-चलान पोर्टलवर आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीचा विभाग आहे. तक्रार आरसीवरच्या मालकाने करायची, म्हणजे तुमच्या वडिलांनी. तुम्ही करणार असाल तर त्यांचं सहीचं अधिकारपत्र जोडा. मालकाला पोलिसांनी विचारलं तर कलम १३३ प्रमाणे चालकाचं नाव सांगावं लागतं, त्यामुळे 'कोण चालवत होतं आठवत नाही' असं लिहू नका. तुम्ही चालवत होतात तर तसंच लिहा. गाडी चालवली हे मान्य केल्याने वेग मान्य होत नाही.

मजकूर दहा ओळींच्या आत. तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: फोटोत दोन वाहनं आहेत आणि मोजलेलं वाहन दाखवणारी खूण नाही, कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, या पट्ट्यात मर्यादेचा फलक नाही, चित्रीकरण सोबत, नोटीस अठराव्या दिवशी मिळाली. शेवटी एक स्पष्ट मागणी: चलान रद्द करावं, अन्यथा मूळ नोंद आणि यंत्राची प्रमाणपत्रं द्यावीत. 'अन्यथा' नंतरचा भाग विसरू नका. नकार आला तरी तुम्ही कागद मागितले होते आणि ते दिले नाहीत, हे लेखी राहतं. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या.

तिथे काम झालं नाही तर प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन न्यायालयात, जाऊ शकतं. मोबाइल किंवा वाहन क्रमांक टाकून ओटीपीने उघडतं. दोन पर्याय दिसतात: सुचवलेला दंड भरणं किंवा प्रकरण लढवणं. लढवणं निवडलं की ते त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वर्ग होतं. हद्द गुन्ह्याच्या जागेची, तुमच्या घराची नव्हे. नागपूरच्या माणसाला सातारा जिल्ह्यातली तारीख पडू शकते, तेव्हा बटण दाबण्याआधी प्रवासाचा विचार करा.

पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवतात. तिथे 'गुन्हा कबूल नाही' एवढंच सांगायचं. पुढे यंत्र चालवणाऱ्या कर्मचाऱ्याची साक्ष होते आणि उलटतपासात विचारायचे प्रश्न वरच्या उत्तरांतून तयारच आहेत: यंत्राचा अनुक्रमांक काय, त्या दिवशी सुरू करण्यापूर्वीची चाचणी कुठे नोंदली, नेम कुठे धरला, दुसऱ्या गाडीचा वेग घेतला का, फाइल यंत्रातून पोर्टलवर कुणी आणि कशी चढवली.

मुदतीचं कलम ध्यानात ठेवा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यायला सहा महिन्यांची मर्यादा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. तुमच्या बाबतीत ती ९ फेब्रुवारी २०२६ च्या सुमारास संपते. ही मुदत प्रकरण दाखल झाल्याच्या तारखेवरून बघतात, आणि कलम ५१९ खाली न्यायालय उशीर माफही करू शकतं. त्यामुळे मुदत टळायची वाट बघत गप्प बसणं ही नीती ठेवू नका, पण दोन वर्षांपूर्वीचं चलान अचानक न्यायालयात उभं राहिलं तर हा पहिला आक्षेप घ्या.

लोक अदालतीत दंड कमी होऊ शकतो, पण ती तडजोड आहे. यंत्र खरं की खोटं याचा निवाडा तिथे होत नाही.

कात्रजकर

थोडं वेगळं, पण याच धाग्यात हवं. फोटोतली गाडी तुमची नसेलच, म्हणजे नंबर तोच पण गाडी दुसरी, तर वेगाच्या गणितात शिरू नका. फरक दाखवा: चाकांच्या रिमची रचना, छतावरचा अँटेना, बंपरवरचा ओरखडा, नंबरप्लेटवरच्या अक्षरांची ठेवण, काचेवरच्या फास्टॅगची जागा. त्या वेळी गाडी कुठे होती त्याचा पुरावा म्हणून फास्टॅगचं विवरण, सोसायटीच्या गेटचं सीसीटीव्ही, गॅरेजचं जॉबकार्ड लावा. सीसीटीव्ही बऱ्याच सोसायट्यांत पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते पहिल्या दिवशी कॉपी करा. आणि चोरट्या नंबरची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, नाहीतर पुढची चलानंही तुमच्याच नावावर पडत राहतील.

फास्टॅगवरून वेग खोडून काढता येईल का, असं काही जण विचारतात. १८ किलोमीटर मागच्या टोलवर ११:२९ ची नोंद, कॅमेऱ्याजवळ ११:४२, म्हणजे सरासरी ८३. यावरून त्या क्षणी ११२ नव्हता असं सिद्ध होत नाही. पूरक म्हणून जोडा, पाया म्हणून वापरू नका.

तरंग

कात्रजकर यांच्या सरासरीवरून: द्रुतगती मार्गासारख्या ठिकाणी कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग मोजूनही चलान येतं. तिथे रडार, कोन, झोत सगळं गैरलागू. फक्त दोन वेळा आणि एक अंतर. १० किलोमीटरच्या टप्प्याला १०० च्या वेगाने ३६० सेकंद लागतात. दोन कमानींच्या घड्याळांत २ सेकंदांची तफावत असली तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तीच तफावत १ किलोमीटरच्या टप्प्यात, ३६ सेकंदांत, साडेपाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणून आधी टप्प्याची लांबी विचारा, मग घड्याळं कशी जुळवतात ते. लांब टप्प्यावर घड्याळाचा वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे दोन्ही कमानींवरचे फोटो एकाच गाडीचे आहेत का, हे तपासा. नंबर वाचणाऱ्या यंत्रणेकडून ८ आणि ३, किंवा बी आणि ८, यांची गल्लत होते.

सातबारा

पायवाट यांनी मला व्यक्तिगत संदेशात माहिती अधिकाराचा मसुदा मागितला होता, सगळ्यांच्या उपयोगाचा म्हणून इथेच देतो. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून यंत्र आणि फलक हे दोन वेगळे अर्ज करा. पहिला असा:

'विषय: दि. ९ ऑगस्ट २०२५ च्या ई-चलान क्र. ______ साठी वापरलेल्या वेगमापन उपकरणाची कागदपत्रे. कृपया पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. (१) उपकरणाचा प्रकार (रडार/लेझर), मॉडेल व अनुक्रमांक दर्शविणारी नोंद. (२) नियम १६७-अ नुसार सदर दिनांकास वैध असलेले मान्यता प्रमाणपत्र. (३) उपकरण रडार असल्यास पडताळणी व मुद्रांकन प्रमाणपत्र. (४) त्या दिवशीच्या तैनातीची व पूर्वचाचणीची नोंद. (५) सदर चलानाबाबतचे भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३(४) चे प्रमाणपत्र. (६) सदर वाहनाची मूळ छायाचित्रे व चित्रफीत.'

'कारण काय', 'योग्य आहे का' असे प्रश्न घालू नका. असलेला कागद मागितला तर द्यावा लागतो, मत मागितलं तर नाकारता येतं. अर्ज ज्या घटकाने चलान काढलं त्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे महामार्ग पोलीस की शहर वाहतूक शाखा ते चलानावर बघा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. चुकीच्या ठिकाणी गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दुसऱ्या अर्जात कलम ११२(२) ची अधिसूचना राज्याकडे मागा. फलक कोणत्या साखळी क्रमांकावर (रस्त्यावरच्या कितव्या किलोमीटरला), कधी लावले याची यादी मात्र रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे असते. राष्ट्रीय महामार्ग असल्याने ती केंद्राच्या पोर्टलवरून मागा, तिथे ५०० शब्दांपर्यंत चालतं.

पायवाट

दोन्ही अर्ज आज वडिलांच्या नावाने भरतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही आणि मध्येच व्हर्च्युअल कोर्टाचा मेसेज आला तर?

सातबारा

तर लढवण्याचा पर्याय निवडा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. तिसाव्या दिवसानंतर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा, २० रुपये लागतात. न्यायालयात पहिल्या तारखेला माहिती अधिकाराची पोच जोडून तेच कागद फिर्यादी पक्षाकडून मिळावेत असा एक पानी अर्ज द्या. दोन्ही वाटा एकमेकींना अडवत नाहीत.